अमेरिकेतलं जुनं घराणं कसं शोधायचं, कुठला कागद खरा मानायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या सुनेचं माहेर मूळ व्हर्जिनियाचं. नातवाला शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितली तेव्हा आमची बाजू कुळवृत्तांत उघडून एका संध्याकाळी झाली, तिच्या बाजूचं काम मात्र अजून चालू आहे. ते करता करता इतर मराठी मंडळींचे मेसेज यायला लागले, कुणाचा जावई अमेरिकन, कुणाची नातवंडं तिथली, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतेय. उत्तरं पुन्हा पुन्हा येऊ नयेत म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

1. सुरुवात कुठून करू? घरात म्हणतात मेफ्लॉवर जहाजावरचा एक जण पूर्वज आहे, त्याच्यापासून खाली येत जाऊ का?

नको. स्वतःपासून वर जायचं, एका वेळी एकच पिढी. वरून खाली आलं की त्या माणसाला सहा मुलं, त्यांना प्रत्येकी सात, आणि चौथ्या पिढीत आपल्या आडनावाचा कुणीतरी सापडतोच आणि मग तो आपलाच वाटायला लागतो. खालून वर जाताना प्रत्येक पायरीला विचारायचं की हा याचा मुलगा आहे असं कोण म्हणतंय, आणि त्याला ते कसं माहीत. मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून आताच्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथला वसाहत करायला आलेलं जहाज, त्यावर 1620 मध्ये 102 प्रवासी होते आणि जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, त्यामुळे ज्यांचा वंश पुढे चालला अशी कुटुंबं थोडीच आहेत. तुमची साखळी खालून नीट आली तर ती त्यांच्यापैकी कुणापर्यंत पोचते की नाही ते आपोआप कळेल.

2. सगळे 1850, 1850 का करतात?

कारण अमेरिकेचा सेन्सस 1790 पासून दर 10 वर्षांनी होतोय, पण 1840 पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे. 1850 ला पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य आलं. 'स्वतंत्र' हा शब्द लक्षात ठेवा, त्याबद्दल प्रश्न 15 मध्ये आहे. तेव्हाही नातं लिहीत नव्हते, 'मुलगा', 'सासू' असा रकाना 1880 पासून आला, त्यामुळे 1850 च्या घरात एक बाई आणि चार मुलं दिसली तर ती त्यांची आईच असेल असं नाही, दुसरी बायको किंवा विधवा बहीणही असू शकते. आणि 1890 चा सेन्सस शोधत बसू नका, 1921 च्या आगीनंतर त्यातलं फारच थोडं उरलंय.

3. ऑनलाइन ट्रीमध्ये आमच्या घराण्याच्या 12 पिढ्या आधीच तयार मिळाल्या. कॉपी करू का?

कॉपी नका करू, पण फेकूनही देऊ नका, त्याच्याकडे खबर म्हणून बघा. अँसेस्ट्री असो की फॅमिलीसर्च (दोन्ही वंशावळीच्या वेबसाइट), एकाने अंदाज टाकलेला असतो, पन्नास जण तो उचलतात, आणि मग पन्नास ट्रीमध्ये तेच आहे म्हणून एकावन्नावा म्हणतो की हे सिद्ध आहे. पन्नास जणांनी उचलली तरी साक्ष एकाचीच. प्रत्येक नावाखाली काय जोडलंय ते उघडा, खाली नुसती दुसरी ट्री जोडली असेल तर तिथे पुरावा शून्य. वयं पण तपासा, मी अशा ट्री पाहिल्यात जिथे आई मुलापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे आणि एक मूल तर आई गेल्यावर चार वर्षांनी झालंय.

4. ओरिजिनल सोर्स, प्रायमरी माहिती वगैरे म्हणजे नक्की काय? सगळं एकच वाटतं.

इथे जरा वेळ द्या, बाकी सगळं यावर उभं आहे.

कागद एक गोष्ट आणि कागदातली माहिती दुसरी. कागद मूळ असतो, किंवा त्याची नक्कल, इंडेक्स, टाइप केलेली प्रत असते, किंवा कुणीतरी सगळं वाचून लिहिलेलं पुस्तक असतं. माहिती मात्र कुणी दिली त्यावर जोखायची, स्वतः पाहिलेल्याने सांगितली तर ती प्रायमरी. मृत्यूचा दाखला घ्या, मूळ कागद आहे, मृत्यूची तारीख डॉक्टरने लिहिली म्हणजे ती भक्कम, पण त्याच दाखल्यावर मृताच्या आईचं माहेरचं नाव जावयाने सांगितलेलं असतं ज्याने त्या बाईला कधी पाहिलेलंच नाही. एकाच कागदावर एक ओळ पक्की आणि एक ऐकीव.

याचं खरं उदाहरण प्लिमथचंच आहे. मेफ्लॉवरवरचा जॉन हाउलंड, त्याची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी असं पिढ्यानपिढ्या सांगत आले, घराण्यात तेच, छापील पुस्तकांत तेच. मग 1855 मध्ये गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डची हरवलेली हस्तलिखित वही लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात असल्याचं कळलं आणि त्यात स्पष्ट होतं की ती जॉन टिली या दुसऱ्याच प्रवाशाची मुलगी. ब्रॅडफर्ड स्वतः त्याच जहाजावर होता, या माणसांना रोज बघत होता, त्याला खोटं लिहून काही मिळणार नव्हतं. पण आता हेही बघा की प्रवाशांची ती यादी त्याने सुमारे 30 वर्षांनी लिहिली, म्हणजे कोण कुणाची मुलगी यावर त्याचं ऐकावं, कुणाच्या नेमक्या वयासाठी मात्र दुसरा कागद असेल तर तोही बघावा.

म्हणून तीन गोष्टी विचारत जा: कुणी लिहिलं, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि लिहिण्यामागे मतलब काय. आपल्याकडे वतनाच्या भांडणात जे करीने (आपल्या हक्काच्या हकीकती) लिहून देत त्यातल्या वंशावळी इतिहासवाले जपून का वाचतात, त्याचं कारण हेच.

5. 1850 च्या आधी फक्त घरातल्या कर्त्याचं नाव असेल तर त्या सेन्ससचा उपयोग काय?

भरपूर. नावाच्या पुढे वयोगटाप्रमाणे आकडे असतात, 16 ते 26 चे पुरुष किती, 10 च्या आतल्या मुली किती असे (1790 मध्ये गट फारच ढोबळ होते, नंतर बारीक होत गेले). 1810, 1820, 1830, 1840 चे आकडे एकाखाली एक मांडा, मग कुठला मुलगा कधी घराबाहेर पडला, कुठली म्हातारी कधी दिसेनाशी झाली ते कळायला लागतं. आणि फक्त आपली ओळ वाचून पान बंद करू नका, वरची दहा नावं आणि खालची दहा नावं लिहून घ्या. ही माणसं सोयरे-शेजारी एकत्रच स्थलांतर करायची, त्यामुळे व्हर्जिनियातला शेजारी केंटकीतही शेजारी सापडतो आणि बऱ्याचदा तो बायकोचा भाऊ निघतो. 1840 च्या सेन्ससमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पेन्शन घेणाऱ्यांची नावं आणि वयं वेगळी लिहिलीत, ते पान नक्की बघा.

6. जन्मदाखला कुठून मागवू? 1760 चा हवाय.

तसा दाखला बहुतेक ठिकाणी नाहीच. राज्यपातळीवर नोंदी ठेवायला मॅसॅच्युसेट्सने 1841 ला सुरुवात केली, व्हर्जिनियाने 1853 ला (तिथेही मधे 1896 ते 1912 खंड आहे), पेनसिल्व्हेनियाने तर थेट 1906 ला. त्याआधीचं सगळं त्या त्या भागातल्या रीतीवर.

न्यू इंग्लंडमध्ये (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासची ईशान्येकडची राज्यं) टाउन क्लार्क सतराव्या शतकापासून जन्म-लग्न-मृत्यू वहीत लिहायचे, म्हणून तिथला शोध सोपा. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या 1850 पर्यंतच्या नोंदी अकारविल्हे छापल्यात, पण छापताना एका घरातली भावंडं ज्या क्रमाने एकत्र लिहिलेली होती तो क्रम मोडला, त्यामुळे छापील नोंद मिळाली की मूळ वहीचं पान बघाच.

दक्षिणेत गाव नव्हे तर काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथे जमीन, टॅक्स, मृत्युपत्रं, कोर्टाचे हुकूम यावरच भिस्त, अँग्लिकन चर्चच्या वह्या टिकल्या असतील तर नशीब. न्यूयॉर्कच्या डच लोकांच्या चर्चच्या वह्या म्हणजे खजिना, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव असतं आणि साक्षीदार बहुतेक आजी-आजोबा किंवा मामा-काका. फक्त त्यांच्यात जुन्या काळी आडनावच नसायचं, बापाचं नाव लावायचे, यानचा मुलगा तो यान्सेन, म्हणून सख्खे बापलेक वेगळ्या आडनावाचे दिसतात. 1664 ला इंग्रज आले आणि मग हळूहळू आडनावं ठरत गेली. आपल्याला मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावायची सवय असल्यामुळे हे पटकन समजतं.

7. कोर्टहाउस जळालं म्हणतात. मग संपलं का?

नाही. व्हर्जिनियाच्या अनेक काउंट्यांनी यादवी युद्धात कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवले आणि एप्रिल 1865 च्या आगीत ते तिथेच गेले, जेम्स सिटी काउंटीचं असंच झालं. पण काउंटीची प्रत जळली तरी राज्याकडे जाणारी प्रत वेगळी असते. व्हर्जिनियाच्या टॅक्स याद्या 1782 पासून आहेत, 1790 च्या सेन्ससच्या तिथल्या याद्या हरवल्यात त्याची उणीव बरीचशी त्यांनीच भरून निघते. शिवाय शेजारच्या काउंटीत जमीन असेल तर तिथे खरेदीखत असणार. दरवर्षीची टॅक्स यादी सलग वाचा, एखाद्या वर्षी बापाच्या नावाखाली एक जास्तीचा पुरुष मोजलेला दिसतो तेव्हा मुलगा वयात आलाय, आणि बापाच्या नावाऐवजी 'इस्टेट' दिसायला लागलं की बाप गेलाय.

8. कुठल्या जहाजाने आले त्याची यादी कुठे मिळेल?

1820 च्या आधी आले असतील तर बहुतेक मिळणार नाही, प्रवाशांच्या याद्या सरकारला द्यायचा कायदाच 1819 चा आहे. मोठा अपवाद जर्मन लोकांचा. 1727 पासून फिलाडेल्फियाला उतरलेल्या पुरुषांकडून निष्ठेची शपथ घ्यायचे, त्या याद्या 1775 पर्यंतच्या आहेत आणि काहींवर त्यांच्या स्वतःच्या सह्या आहेत. व्हर्जिनियात एक माणूस आणला की 50 एकर असा हेडराइटचा नियम होता, त्यात नावं सापडतात, पण जमिनीच्या कागदाची तारीख म्हणजे आल्याची तारीख नाही. ते हक्क विकले जायचे आणि वर्षानुवर्षं पडून राहायचे.

9. जन्मतारीख 1731/32 अशी का लिहिलीय? दोन वर्षं कशी?

इंग्लंड आणि तिच्या वसाहतींनी 1752 मध्ये कॅलेंडर बदललं. आधी नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते 24 मार्च या दिवसांना दोन सालं लिहितात. बदलताना 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने 11 फेब्रुवारी 1731, नव्या पद्धतीने 22 फेब्रुवारी 1732, दोन्ही बरोबर. क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोक महिन्यांना नावं न देता आकडे द्यायचे आणि 1752 च्या आधी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च, तिथे जानेवारी लिहून बसलात की पुढचं सगळं गणित चुकतं. तारीख जशी आहे तशीच उतरवा, रूपांतर शेजारी लिहा.

10. विलमध्ये 'सन-इन-लॉ' लिहिलंय पण त्याला मुलगीच नव्हती. हे कसं?

तेव्हा तो शब्द सावत्र मुलालाही वापरायचे. असे बरेच शब्द आहेत. ज्युनियर-सीनियर म्हणजे बापलेकच असं नाही, एकाच गावात एकाच नावाचे दोघे, मोठा तो सीनियर, काका-पुतणेही असू शकतात, आणि सीनियर वारला की काल ज्युनियर असलेला आज सीनियर होतो. 'कझिन' म्हणजे बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नव्हे, 21 च्या आतला कुणीही. 'ऑर्फन' म्हटलेल्या मुलाची आई जिवंत असू शकते, बाप गेला म्हणजे कायद्याने पोरका. 'माझी आत्ताची बायको' असं मृत्युपत्रात लिहिलं म्हणजे आधी एक होती असा अर्थ काढू नका, पुढे दुसरी केली तर हिच्या वाट्यात गोंधळ नको म्हणून ते शब्द घालायचे.

आणखी एक, विलमध्ये मोठ्या मुलाचं नाव नाही म्हणून तो मुलगा नव्हता असं ठरवू नका. व्हर्जिनियात 1785 पर्यंत विलमध्ये न दिलेली जमीन कायद्यानेच थोरल्याकडे जायची, म्हणून त्याला वेगळं काही लिहायची गरजच नसायची.

11. बाईचं माहेरचं नाव कुठेच नाही. कसं शोधायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि मला सगळ्यात जवळचा. नवऱ्याने जमीन विकली की बायकोला तिचा विधवा-हक्क सोडल्याचं कोर्टात सांगावं लागायचं, तिथे निदान पहिलं नाव मिळतं. मग त्या भागातल्या म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं वाचायची, 'माझी मुलगी सारा, अमक्याची बायको' असं कुठेतरी असतं. वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली की सगळ्या मुली आणि जावई मिळून सही करतात, तो कागद मिळाला तर एका दमात सगळी भावंडं कळतात. दक्षिणेत लग्नाच्या बाँडवर जामीन राहणारा बऱ्याचदा मुलीचा बाप किंवा भाऊ असायचा. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना 1836 पासून पेन्शनच्या कायद्यांचा फायदा मिळायला लागला, त्यासाठी लग्न सिद्ध करावं लागायचं, आणि कित्येकींनी घरच्या बायबलमधलं कुटुंबाच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलंय. ती पानं आजही नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्या फायलींत आहेत. ऐंशी वर्षांची बाई कोर्टात उभी राहून आपलं लग्न कुठे झालं, कोण हजर होतं ते सांगतेय, हे वाचताना अंगावर काटा येतो.

12. आमच्या घराण्यावर 1900 च्या सुमाराचं छापील पुस्तक आहे, जाडजूड, त्यात इंग्लंडमधले सरदार आहेत. ते तरी खरं ना?

अलीकडच्या तीन-चार पिढ्या, ज्या लेखकाने ओळखीच्यांना विचारून लिहिल्या, त्या बऱ्यापैकी. समुद्रापलीकडचा भाग मात्र पुरावा दिसेपर्यंत मानू नका. तेव्हा पैसे घेऊन वंशावळी करून देणारे होते, त्यात गुस्ताव्ह आंजू हा नामांकित बनावटखोर. शेकड्याने वंशावळी केल्या, खऱ्या कागदांचे खरे दाखले द्यायचा आणि मधेच एक खोटा दुवा असा घुसवायचा की अमेरिकेतला शेतकरी इंग्लंडच्या मोठ्या घराण्याला जाऊन चिकटायचा. त्याच्याही आधी होरेशिओ गेट्स सॉमरबीने हेच केलंय. या दोघांचं नाव दिसलं तर थांबा. आडनावाचं म्हणून जे राजचिन्ह दुकानात विकतात तेही तसंच, चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वारसांना दिलेलं असतं, आडनावाला नव्हे.

13. आजेसासूबाई डीएआरच्या मेंबर होत्या. म्हणजे साखळी सिद्धच झाली की?

कधी मेंबर झाल्या त्यावर आहे. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन 1890 ची संस्था, सुरुवातीच्या अर्जांत घरची आठवण पण चालायची, आता तसं चालत नाही आणि काही जुन्या साखळ्यांवर त्यांनीच नवा पुरावा मागितलाय. जुना अर्ज मागवा, त्यात काय काय जोडलं होतं ते बघा. मेफ्लॉवर सोसायटीने, ती 1897 ची, पहिल्या पाच पिढ्यांवर नीट संशोधन करून पुस्तकं काढलीत, ती भरवशाची. तुमचं काम त्या पाचव्या पिढीपर्यंत पोचायचं.

14. घरात तीन गोष्टी सांगतात: तीन भाऊ आले, एलिस आयलंडला नाव बदललं, आणि एक आजी चेरोकी राजकन्या होती.

या तिन्ही गोष्टी हजारो घरांत सांगतात. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातलं बाहेरून येणाऱ्यांना तपासायचं ठाणं, 1892 ला सुरू झालं, म्हणजे 1700 च्या माणसाचा त्याच्याशी संबंधच नाही, आणि तिथले कारकून तरी जहाजावरून आलेल्या यादीशी नावं पडताळायचे, नवीन ठेवायचे नाहीत. चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीत युरोपासारखी राजघराणीच नव्हती. तीन भावांची गोष्ट बऱ्याचदा एकाच आडनावाच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या कुटुंबांना जोडायला आलेली असते. तरी घरच्या गोष्टी लिहून ठेवा, कुणी सांगितली, कधी सांगितली यासकट. तपशील चुकीचे असले तरी गावाचं किंवा नदीचं नाव खरं निघतं.

15. जावयाचे पूर्वज गुलामगिरीत होते. 1870 च्या मागे काहीच मिळत नाही.

1850 आणि 1860 च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. माणसाला नाव नाही. 1870 हा पहिला सेन्सस ज्यात मुक्त झालेले सगळे नावानिशी आले. त्याच्या मागे जायचं तर शेवटचा मालक कोण ते आधी शोधावं लागतं, आणि तो त्याच आडनावाचा असेल असं धरू नका. फ्रीडमन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्यांसाठीचं सरकारी खातं) कागद बघा, मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदी. फ्रीडमन्स बँकेत खातं उघडताना आई-वडील, भावंडं, कधी कधी जुना मालक सुद्धा लिहून घेतलाय. एकदा मालक कळला की त्याचं मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, खरेदीखतं, तिथे पहिली नावं सापडतात, भांड्या-गुरांच्या मधे किंमत लावून लिहिलेली. वाचायला फार जड जातं. पण त्या यादीत आई आणि तिची मुलं बऱ्याचदा एकाखाली एक असतात आणि तेवढ्यावर एक कुटुंब परत जुळतं. 1850 लाच स्वतंत्र असलेली कृष्णवर्णीय माणसं मात्र 1850 मध्ये नावानिशी आहेत, म्हणून तो सेन्सस न बघता सोडू नका.

16. डीएनए टेस्ट केली की सगळं सुटेल ना?

अर्धवट. दर पिढीला वाटा निम्मा होत जातो. फोर्थ कझिन (खापरपणजोबांचे वडील एकच असलेले) असूनही डीएनए जुळण्याची शक्यता साधारण निम्मीच, त्यामुळे जुळलं नाही म्हणून नातं नाही असं होत नाही, आणि 1650 च्या एका माणसाचा तुकडा तुमच्यात शिल्लक असेलच असं नाही. बाप ते मुलगा असा जाणारा वाय डीएनए मात्र एकाच आडनावाची दोन घराणी एक की वेगळी हे सांगायला उत्तम. न्यू इंग्लंडच्या जुन्या गावांत दोनशे वर्षं आपापसात लग्नं झालीत, तिथे दोन माणसं चार वाटांनी नातेवाईक असतात, म्हणून जुळणारा तुकडा कुठल्या वाटेने आला ते कागदावरूनच ठरवायला लागतं.

17. दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. बहुमताने ठरवू का?

मोजू नका, तोला. थडग्यावरचा एक दगड, एक पुस्तक आणि एक वेबसाइट तिन्ही 1742 म्हणतात, पण पुस्तकाने दगडावरून घेतलं आणि वेबसाइटने पुस्तकावरून, मग तो एकच साक्षीदार. दगडसुद्धा साठ वर्षांनी नातवाने बसवलेला असू शकतो, अक्षराची धाटणी बघा. पुष्कळदा दोन्ही कागद खरेच असतात, माणसं दोन असतात. एका काउंटीत दोन जॉन स्मिथ असले की मी मोठा कागद घेऊन दोन रकाने करते, बायकोचं नाव, कुठल्या ओढ्यावर जमीन, सही करतो की फुली मारतो, साक्षीदार कोण, आणि प्रत्येक नोंद कुठल्यातरी एका रकान्यात टाकते. जी कुठेच बसत नाही ती बाजूला ठेवते, जबरदस्तीने बसवत नाही.

18. बाप-मुलगा असं स्पष्ट सांगणारा एकही कागद नाही. तरी नातं सिद्ध होतं का?

होतं, पण मेहनतीने. अमेरिकेतल्या जाणकारांचा एक दंडक आहे: शक्य तेवढं सगळं शोधलं पाहिजे, प्रत्येक गोष्टीचा नेमका दाखला, सगळ्यांची एकमेकांशी पडताळणी, विरोधात जाणाऱ्या पुराव्याचं उत्तर, आणि शेवटी युक्तिवाद लिहून काढायचा. जमीन बापाने घेतल्याचा कागद आहे, विकणारा दुसराच आहे, आणि मधे त्याने ती विकत घेतल्याचं खत कुठेच नाही, तर ती वारसाने आली असणार. त्यात त्याच वर्षी टॅक्स यादीतून बाप गायब (प्रश्न 7) आणि शेजारी तेच (प्रश्न 5) असेल तर बाजू भक्कम होते. नसेल तर ट्रीमध्ये 'बहुधा' असं लिहून ठेवा. मी दोन ठिकाणी गेली तीन वर्षं 'बहुधा' लिहून ठेवलंय आणि ते तसंच राहणार आहे.

19. या सगळ्यात आपल्याकडचं कुणी सापडतं का?

सापडतं. व्हर्जिनियात 1635 च्या एका हेडराइट नोंदीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे, म्हणजे हिंदुस्थानाकडून आलेला माणूस तिथे शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते तेव्हा होता. पुढच्या शतकात पळून गेलेल्या नोकरांच्या जाहिरातींतही 'ईस्ट इंडियन' दिसतात. जपायचं एवढंच की तिथे नुसतं 'इंडियन' म्हणजे बहुतेक मूळ अमेरिकन, आणि एकाच माणसाला एका कागदात ईस्ट इंडियन, दुसऱ्यात निग्रो, तिसऱ्यात मुलाटो (मिश्र वंशाचा) असंही लिहिलेलं असू शकतं, म्हणून वर्णाच्या रकान्यावरून माणूस वेगळा धरू नका.

उलटा रस्ताही आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत आले, हॉल मूळचे मॅसॅच्युसेट्सच्या टॉलंडचे आणि 1826 मध्ये नाशिकजवळ पटकीने गेले. सिंथिया फरार 1827 मध्ये आल्या आणि पुढे अहमदनगरला शाळा चालवल्या. असल्या घराण्यात शोध करताय आणि एखादा मुलगा किंवा लेक न्यू इंग्लंडच्या वहीतून अचानक गायब होत असेल, तर या मिशनची पत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत ती बघा, आणि आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतले दगडही वाचून या. तिकडच्या कुणाला तिथवर पोचणं अवघड असतं, आपल्याला नगरची एसटी पकडली की झालं.